फारुकचा डावा खांदा

बारामतीच्या मार्केट यार्डात मी मापाडी आहे. मापाडी म्हणजे शेतमालाचं वजन करणारा. पूर्वी तराजू होता, आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यामुळे काट्याशेजारी उभं राहायचं आणि लाल आकडे मोठ्यानं पुकारायचे एवढंच काम उरलंय. सत्तावीस वर्षं मी तेच करतोय. एवढ्या वर्षांत माझ्या काट्यावर जी पोती आली, त्यातली निम्मी तरी फारुकच्या खांद्यावरून आली असतील. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय ते कौतुक करायला नाही. कौतुक करायची वेळ होती तेव्हा मी त्याला खोटं बोलायला शिकवलं.

फारुक मूळचा सुप्याचा. तिकडं पावसाच्या मनात आलं तर ज्वारी, नाहीतर नुसती कुसळं. बाप गावोगावची शेरडं विकत घ्यायचा आणि बाजारात विकायचा. त्याच्याशी भांडून हा सतराव्या वर्षी यार्डात आला. मीही तेव्हा नवाच होतो. त्या काळी पोतं शंभर किलोचं असायचं. मुकादमानं पहिल्याच दिवशी ज्वारीचं भरलेलं पोतं त्याच्या खांद्यावर दिलं आणि हमालांची सगळी टोळी हातातलं काम टाकून बघत राहिली. पोरगं तोंडघशी पडणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. फारुक पडला नाही. गोदामात गेला, थप्पीवर पोतं टाकलं, बाहेर आला आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन ओकला. मग नळावर तोंड धुतलं आणि दुसऱ्या पोत्यासाठी वाकून उभा राहिला. मुकादम म्हणाला, "बस जरा." तर हा म्हणतो, "बसायला न्हाय आलो."

हमालाचा खांदा ठरलेला असतो. फारुकचा डावा. दोघांनी मागून पोतं उचलायचं, यानं डावा खांदा खाली घालायचा आणि उजव्या हातातला लोखंडी आकडा पोत्याच्या कोपऱ्याला अडकवून तोल धरायचा. बाकी सगळ्या कामाला माणूस उजवा. गोणपाट घासून घासून त्या डाव्या खांद्यावरचं कातडं इतकं जाड झालं होतं की थंडीत टाचेला पडतात तशा भेगा पडायच्या. करिमा, त्याची बायको, त्यावर खोबरेल चोळायची आणि चोळताना त्याला शिव्या घालायची. अकराच्या सुट्टीत तो शर्ट काढून कडुलिंबाखाली भाकरी खायचा. भाकरीवर कांदा फोडायचा तोही उजव्या हाताच्या बुक्कीनं.

बसून काम करणाऱ्यांची तो भारी चेष्टा करायचा. उन्हाळ्यात मी कपाळ पुसताना दिसलो की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "मोहनराव, तुमाला घाम कशानं आला? वाचून?" मग टोळी खिदळायची. मला राग यायचा. पण व्यापाऱ्यानं पोत्यात दोन-तीन किलो जास्त कोंबले असले, तर ते खांद्यावर घेताक्षणी ओळखणारा हाच. "काट्यावर घ्या" म्हणून अडून बसायचा, आणि काटा दर वेळी त्याच्या बाजूनं बोलायचा.

टोळीचा एक रिवाज आहे. दिवसभराची मजुरी संध्याकाळी सगळ्यांत सारखी वाटतात. जो आजारी किंवा जायबंदी असेल, त्याचीही वाटणी काढतात आणि घरी पोचवतात. पोचवणाऱ्यानं त्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. टोळीतल्या बिरदेवचा पाय मोडला तेव्हा पाच महिने त्याच्या घरी वाटणी गेली. चौथ्या महिन्यात एकजण कुरकुरला, तर फारुकनं त्याची कॉलर धरली. "उद्या तू पडलास तर?" एवढंच म्हणाला. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा या माणसाला ती वाटणी गिळवेना. ते पुढं येईलच.

त्याला मुलगी एकच, समिना. बालवाडीत शिकवते, चेहऱ्यानं आईवर आणि जिभेनं बापावर गेलेली. दोन वर्षांपूर्वी तिला एक स्थळ आलं होतं. पाहुणे जेवून गेले, मुलगी पसंत म्हणून गेले, आणि चार दिवसांनी निरोप आला: मुलीचे वडील हमाली करतात हे आधी सांगायला पाहिजे होतं. करिमा रडली. फारुक दोन दिवस यार्डात कुणाशी बोलला नाही. पोती मात्र अशी आपटायचा की थप्पी हलायची.

तिसऱ्या दिवशी मी शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, "पुढच्या वेळी सांगायचं, आडतीत असतो. आडतीच्या दारातच तर असतोस दिवसभर. यात खोटं काय हाय?" आडत म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या दलालाचं दुकान. तिथं गादीवर बसणारेही असतात आणि दारात पोती उचलणारेही. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजावं, असा माझा हिशेब होता. फारुक माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

पुढचं स्थळ डाळजचं. मुजफ्फरभाईंचं तिथं सोलापूर रस्त्याला टायरचं दुकान. भाऊ वारलेला, त्याचा मुलगा अमन यांनीच वाढवलेला. पोरगा ट्रॅक्टर दुरुस्तीत हुशार, बोलायला मवाळ. पहिल्या बैठकीत मीच तोंड उघडलं. "फारुकभाई आडतीत असतात. बसून काम. मोठ्या विश्वासाचं." यातलं बसून आणि विश्वासाचं मी पदरचं घातलं. मुजफ्फरभाईंनी मान डोलावली, पुढं काही विचारलं नाही. माणूस साधा आहे, असं मला वाटलं. मंगनी झाली.

गेल्या वर्षी जानेवारीत निकाहची तारीख ठरवायला आम्ही दोघं फारुकच्या गाडीवर डाळजला गेलो. रमजान संपल्यावर मे महिना ठरला. पोटभर जेवण झालं, निघालो. दुकानापासून अर्ध्या किलोमीटरवर रस्त्यात उसाची कांडकी पडली होती. एखाद्या ट्रॉलीतून सांडली असतील. पुढचं चाक त्यावरून सटकलं. मी मागं होतो, घसरत गेलो, गुडघा सोलवटला. फारुक डाव्या खांद्यावर आपटला, दुभाजकाच्या कडेवर. उठून बसला आणि उजव्या हातानं डावा दंड असा धरला की जणू तो कुणीतरी दुसऱ्यानं त्याच्याकडं ठेवायला दिलाय. ओरडला नाही. "मोहनराव, आतमदी कायतरी सरकतंय," म्हणाला.

लोकांनी दुकानात निरोप दिला. मुजफ्फरभाई स्वतः जीप घेऊन आले आणि आम्हाला बारामतीच्या एका हाडांच्या दवाखान्यात घेऊन आले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला गाडी थांबवल्यासारखी हळू करायचे. असा सोयरा मिळाला म्हणून मला मनातून बरं वाटत होतं.

तिथल्या डॉक्टर बाई होत्या, स्वरूपा नावाच्या. हाडात ड्रिल मारायचं काम बाई करतात हे मला माहीत नव्हतं. त्यांचे बारीक हात बघून मी घाबरलोच. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. गळ्यापासून खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड, आपण ज्याला गळ्याचं हाड किंवा हासळी म्हणतो, त्याचे तीन तुकडे झाले होते. मधला तुकडा उभा राहिला होता. त्याचं टोक कातड्याला आतून इतकं रेटत होतं की तेवढी जागा पांढरी पडली होती.

डॉक्टरांनी पेन घेऊन समजावलं. "साधी मोड असती तर हात झोळीत बांधून दिला असता. सहा-आठ आठवड्यांत आपोआप जुळतं. पण ही टोकं दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढलीत, आणि हे टोक कातडं फाडून बाहेर येईल. शस्त्रक्रिया करावी लागेल. एक पद्धत म्हणजे हाडाच्या पोकळीतून बारीक सळी घालायची. जखम लहान होते, पण तुकडे तीन असले की हाड सळीवर दबून आखूड होतं. तेव्हा प्लेट बरी. धातूची पट्टी हाडावर ठेवायची आणि दोन्हीकडं स्क्रू मारायचे." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

फारुकनं माझ्याकडं पाहिलं. खाटेच्या पायथ्याशी मुजफ्फरभाई उभे होते. त्यांच्या हातात फारुकच्या चपला होत्या, रस्त्यातून उचलून आणलेल्या.

"आडतीत असतो," फारुक म्हणाला. "बसून काम हाय."

सत्तावीस वर्षं ज्या कामाची चेष्टा केली, ते काम त्यानं स्वतःच्या नावावर लावलं. मुजफ्फरभाई चपलांकडं बघत होते.

"मग सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी प्लेट हाडाच्या वरच्या अंगाला बसवते. तिथं ती सगळ्यात भक्कम बसते. फक्त तिच्यावर नुसतं कातडं असतं, मांस नसतं. खांद्यावर ओझं वाहणारा माणूस असता तर त्याला ती टोचली असती, घासली असती. अशांना मी पुढच्या अंगानं लावते. तुम्हाला वरून चालेल."

हे आम्ही दोघांनी ऐकलं. नीट ऐकलं. दोघांनीही तोंड उघडलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की वरून काय आणि पुढून काय, हाड जुळल्याशी मतलब. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोत्याचं वजन करणारा मी, खांद्यावर पोतं नेमकं कुठं टेकतं याचा विचारसुद्धा केला नाही.

देवानं आणखी एक संधी दिली होती. संध्याकाळी डॉक्टर पुन्हा तपासायला आल्या. मुजफ्फरभाई चहा आणतो म्हणून बाहेर गेले होते. डॉक्टरांनी चीर द्यायची जागा पेनानं आखली, बोटानं कातडं चाचपलं आणि थबकल्या. "इथलं कातडं एवढं जाड कशानं?"

तेवढ्यात अमन डबा घेऊन दारात येऊन उभा राहिला. फारुकनं डोळे मिटले. उत्तर मी दिलं. "लहानपणी सुप्याला शेतात पोती उचलायचा. तवाचं हाय." डॉक्टरांनी मान हलवली आणि आखणी पुरी केली. मुजफ्फरभाई त्या दिवशी घरी गेलेच नाहीत, बाकावर बसून राहिले. सकाळी फारुकला आत नेलं. आठ स्क्रूंची पट्टी बसली, हाडाच्या वर.

शस्त्रक्रिया चांगली झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या बाईंच्या हातात काही खोट नव्हती. दुसऱ्या एक्स-रेत हाड सरळ दिसत होतं. फारुक झोळीत हात घालून घरी आला आणि त्याच संध्याकाळी बिरदेव टोळीची वाटणी घेऊन त्याच्या दारात उभा राहिला.

पहिले दहा दिवस त्यानं घेतली. मग बिरदेवला म्हणाला, करिमाजवळ दे. मग बिरदेव यायच्या वेळेला घरातून उठून मशिदीकडं जाऊन बसायला लागला. मी भेटायला गेलो की विचारायचा, आज किती गाड्या आल्या, माझ्या जागी कोण लागलं, त्याला थप्पी लावता येते का. मी म्हटलं, "बिरदेवनं पाच महिनं घेतली की!" तर म्हणाला, "त्यो खरं बोलून पडला हुता, मोहनराव. मी आडतीत बसणारा. मला कशाची वाटणी?"

सहा आठवडे झाले तसे आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. हाड धरायला लागलंय, असं त्या म्हणाल्या. बसून काम आहे तर कामावर जायला हरकत नाही, पण तीन-चार महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असंही बजावलं. चिठ्ठीत मात्र एवढंच आलं: कामावर जाण्यास हरकत नाही. ती चिठ्ठी फारुकनं टोळीचा मुकादम मानसिंग याच्या हातात दिली. मानसिंगला वाचायला जमत नाही. त्यानं ती माझ्यापुढं धरली. "मोहनराव, काय लिवलंय बगा." फारुक माझ्या तोंडाकडं बघत होता. मी चिठ्ठीत होतं तेवढंच वाचलं. पाच किलोचं चिठ्ठीत नव्हतं.

मार्च होता. गहू, हरभरा, गाड्यांची रांग फाटकाबाहेर. आता पोतं पन्नास किलोचं झालंय, पण दिवसाला कितीतरी. पहिले दोन दिवस त्यानं उजवा खांदा लावायचा प्रयत्न केला. सत्तावीस वर्षांची सवय उलटी कशी होणार? आकडा डाव्या हातात आला की तोल जायचा, थप्पीच्या पायरीवर पाय चुकायचा, मागची माणसं खोळंबायची. तिसऱ्या दिवशी त्यानं गपचूप आकडा उजव्या हातात घेतला आणि डावा खांदा खाली घातला. पोतं टेकलं तेव्हा त्याच्या तोंडातून हुं असा आवाज आला. मी काट्यावरचे आकडे पुकारत राहिलो.

रमजान सुरू झाला. तो रोजे धरून पोती उचलत होता. शर्टाच्या आत टॉवेलाची घडी ठेवायचा. कडुलिंबाखाली यायचा बंद झाला, कारण जेवण नव्हतं. म्हणून कुणी त्याला शर्ट काढलेलं पाहिलं नाही. करिमाला कळलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. आयुष्यात स्वतःचा रुमाल न धुतलेला हा माणूस मोरीत बसून स्वतःची बनियन धुवायला लागला. एक दिवस तिनं ती ओढून घेतली. बनियनच्या खांद्यावर पिवळा-लाल डाग होता. ती तशीच यार्डात माझ्याकडं आली. ही बाई यार्डात कधी पाऊल टाकत नसे. "मोहनभाऊ," म्हणाली, "ह्यांच्या खांद्याला वास येतोय. तुमीच सांगा, मला ऐकत न्हाईत."

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टॉवेलाची घडी उचलली. जुन्या टाक्यांच्या जागी कातडं फाटलं होतं, कडा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि आत पुवात एका स्क्रूचं डोकं चकाकत होतं. मी दुसरीकडं बघितलं.

"बसून काम करून हे कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हमाल हाय मी," फारुक म्हणाला. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. आता सांगायला काही अडचण नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "दोनदा विचारलं होतं." दुसरं वाक्य त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. मी लाजेनं मेलो, आणि लाजेनं मरून कुणाचं हाड जुळत नाही हेही तेव्हाच कळलं.

प्लेट काढावी लागली. पोत्यांच्या दाबानं दोन स्क्रू हाडातून ढिले झाले होते, आणि जे हाड धरायला लागलं होतं ते पुन्हा सुटलं होतं. पू हाडापर्यंत गेलेला. आता लगेच दुसरी प्लेट बसवता येत नव्हती, आधी जंतू मरायला हवे होते. सलाईनमधून औषधं, मग गोळ्या, दिवसाआड जखम धुणं. हाडाचे तुकडे आत मोकळे. कूस बदलताना ते एकमेकांवर घासायचे, आणि तो आवाज करिमाला ऐकू यायचा. ती मला म्हणाली, "चक्कीत खडा आल्यासारखं वाजतं, भाऊ."

मे महिन्यात समिनाचा निकाह झाला, ठरलेल्या तारखेला. फारुक झोळीत हात घालून मांडवात उभा होता. पाहुणे विचारायचे, तर सांगायचं की गाडीवरून पडले, अजून भरून आलं नाही. तेही मीच सांगत होतो. एकदा लागलेली सवय. निरोपाच्या वेळी समिना बापाच्या गळ्यात पडली, तर त्यानं तिला एका हातानं धरलं. दुसरा हात झोळीत होता. ती रडत रडत त्याच्या त्याच हाताला सांभाळत होती, आपण दुखवू नये म्हणून अंग चोरून उभी होती. असली पाठवणी मी दुसरी पाहिली नाही, बघायची इच्छाही नाही.

जुलैत दुसरी शस्त्रक्रिया झाली. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तुटलेल्या जागी भरला आणि नवी प्लेट बसवली, या वेळी पुढच्या अंगानं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी खाटेजवळ खुर्ची ओढून सगळं समजावलं. हाड जुळेल अशी आशा आहे. जेवण, कपडे, गाडी चालवणं जमेल. हात डोक्याच्या वर पूर्ण जाईलच असं नाही.

"आन् पोतं?" फारुकनं विचारलं.

"नाही."

"कवा?"

"कधीच नाही," त्या म्हणाल्या. मग उठता उठता म्हणाल्या, "पहिल्याच वेळी माहीत असतं तर पाच-सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा पोतं उचललं असतं. मी अशी माणसं कामावर परत पाठवलीत."

त्या गेल्यावर फारुक छताकडं बघत पडला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दंड अजून लाकडासारखे. आता टोळीत त्याचं नाव राहणार नाही.

दुपारी समिना आणि अमन आले. करिमानं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. सांगता सांगता ते पहिल्या दिवसाचंही तिच्या तोंडून निघालं: काम काय विचारलं, तर आडतीत बसतो म्हणाले. सोयऱ्यांपुढं कमीपणा नको म्हणून. समिनाच्या कानावर हे पहिल्यांदाच जात होतं. तिला वाटत होतं की बापानं डॉक्टरांचं ऐकलं नाही, घाई केली, एवढंच.

"कुणापुढं कमीपणा?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मोहनकाका, कुणापुढं?"

मी म्हटलं, "अगं, मुजफ्फरभाई हुते तितं. अमन हुता. लगीन मोडलं असतं."

ती खाटेच्या कडेला बसली. "मी अमनला मंगनीच्या आधीच सांगितलं हुतं. पहिल्यांदा फोनवर बोललो तवाच. म्हटलं, माझं अब्बा हमाल हायत, शंभर किलोचं पोतं उचलायचं. चालत असंल तर पुढं बोल, न्हायतर फोन ठेव."

अमन मान खाली घालून उभा होता. "चाचांना मी त्याच दिवशी सांगितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "चाचा म्हणाले, अंगमेहनतीचं खातोय, याच्याहून चांगलं घर कुठलं. पण तुमी बैठकीत आडतीचं बोललात. तवा चाचा म्हणाले, माणूस झाकतोय तर आपण उघडं पाडायचं न्हाय. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तवाबी त्यास्नी वाटलं, आपण हितनं बाहेर गेलो की हे सांगतील. त्यापायीच ते संध्याकाळी चहाला म्हणून उठून गेले हुते. मी डबा घिऊन आलो नसतो, तर..."

मला त्या मुलाची दया आली, आणि स्वतःचा इतका राग आला की खिडकीचा गज धरून उभा राहिलो. त्या भल्या माणसाच्या हातातल्या चपला डोळ्यांसमोरून हलेनात. आमची अब्रू राखायला तो खाली बघत होता, आणि आम्ही त्याच्यासाठी खोटं बोलत होतो.

फारुकनं मान माझ्याकडं वळवली. तेवढ्यानंही त्याचा खांदा दुखला असणार, चेहरा वाकडा झाला.

"मोहनराव," तो म्हणाला, "म्हंजी त्या दिवशी समद्यांना ठावं हुतं. तुमाला, मला, मुजफ्फरभाईंना, ह्या पोराला. ठावं नव्हतं ते एकट्या डॉक्टरीणबाईंना."

मी हो म्हणालो.